तपासले असता ठीक

स्वयंपाकघरात मला एकच गोष्ट येते, ती म्हणजे काढा. चहा मी केला तर बायको आधी वास घेऊन बघते आणि मगच कपाला तोंड लावते. करोनाच्या साथीत सगळ्यांना काढ्याचं वेड लागलं तसं मलाही लागलं. साथ गेली, लोकांचं वेडही गेलं, माझं मात्र राहिलं. वडिवळ्याला, आमच्या गावी, खाचराच्या बांधावर कडुनिंब आहे आणि त्यावर गुळवेल चढलेली आहे. कडुनिंबावरची गुळवेल अस्सल, असं आमच्याकडे मानतात. आई तिचे वीतभर तुकडे करून जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधायची आणि गावाकडून लोणावळ्याला येणाऱ्या कोणाच्याही हाती पाठवायची. मी ते ठेचून रोज सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी उकळायचो. तुंगार्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत तो कडू वास पडद्यांनाही लागला होता.

बायको नाक दाबून प्यायची. पेला रिकामा होईपर्यंत मी समोर उभा. ‘झाली का तुमची तपासणी?’ असं म्हणून ती पेला उपडा करून दाखवायची. ती घरीच ब्लाऊज शिवते. तळेगावची, चार बुकं माझ्यापेक्षा जास्त शिकलेली, पण माझ्या या एका हट्टापुढे तिने कधी वाद घातला नाही. वाद घालायची ती आमची मुलगी. ती पुण्यात शिकायला आहे आणि फोनवर मला म्हणायची, ‘बाबा, प्रतिकारशक्ती म्हणजे काय बँकेतली ठेव आहे का, रोज वाढवायला?’ मी म्हणायचो, ‘तू तुझा अभ्यास कर.’

मला तो शब्दच आवडायचा. प्रतिकारशक्ती. ती जितकी जास्त तितकी बरी, याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही.

मार्चमध्ये बायको दमायला लागली. शिवणयंत्रावर बसली की अर्ध्या तासात उठून आडवी व्हायची. बोटांचे सांधे दुखायचे, अंगाला खाज. आम्ही म्हटलं, वय झालं, ऊन वाढलं. मग एक दिवस कोणाच्या तरी पांढऱ्या ब्लाऊजला अस्तर जुळवताना तिने ते कापड गळ्याशी धरून आरशात पाहिलं आणि मला हाक मारली. पांढऱ्या कापडाशेजारी तिचे डोळे हळदीचं बोट लागल्यासारखे दिसत होते.

रक्त तपासलं तेव्हा यकृताचे आकडे बरेच वाढलेले निघाले. इथल्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि आठवड्याने पुन्हा तपासू म्हणाले. आईने फोनवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने हजर झाली.

‘कावीळ हाय ती. उतरवून घ्यायची. दवाखान्यात काय हाय तिला?’

शेजारच्या गावात कावीळ उतरवणारे एक आबा आहेत. मी स्वतःला सुधारलेला समजतो, तरी मुकाट्याने भाड्याची गाडी केली. आबांनी काहीतरी पुटपुटत बायकोचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले आणि परातीतलं पाणी पिवळं होत गेलं. आई पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘बग, निगाली का न्हाई!’ बायको माझ्याकडे बघून गालात हसली. तिला त्यातलं काहीच पटलेलं नव्हतं. माझं मन राखायला ती आली होती आणि मी आईचं.

पण तीन आठवड्यांनी डोळे खरंच निवळले. आकडेही उतरले. आई म्हणाली आबांचा गुण, डॉक्टर म्हणाले विश्रांतीचा, आणि मी मनात म्हटलं, काढ्याचा.

इथे मला माझ्या नोकरीतलं थोडं सांगावं लागेल. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे. सिग्नल बिघडला की आम्ही धावत जातो, दोष शोधतो, दुरुस्त करतो आणि वहीत कारण लिहितो. तार तुटली, फ्यूज गेला, घाटातल्या पावसाचं पाणी शिरलं, असं काहीतरी. कधी कधी मात्र आम्ही पोचेपर्यंत सिग्नल आपोआप ठीक झालेला असतो. सगळं तपासलं तरी दोष सापडत नाही. तेव्हा शेरा लिहायचा, ‘राइट ऑन टेस्ट’. म्हणजे, तपासले असता ठीक. नवीन पोरं हा शेरा लिहून खुशीत चहा प्यायला जातात. जुन्या माणसाला त्या रात्री झोप लागत नाही, कारण दोष गेलेला नसतो, लपलेला असतो.

सव्वीस वर्षं हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो. घरी तोच शेरा आला आणि मी पेढे आणले.

मुलीने फोनवर बजावलं, ‘आता तो काढा बंद करा. तिच्या लिव्हरला जरा गप्प बसू द्या.’ मी म्हणालो, ‘हो हो, केला बंद.’ आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळचा एक पेला होता तो सकाळ-संध्याकाळ केला. आजारातून उठलेल्या माणसाला ताकद नको का? बायकोने संध्याकाळचा पेला हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि प्यायली.

जुलैत, गावाकडे भाताची लावणी आटोपत आली असताना, ती पुन्हा पिवळी पडली. या वेळी पाय सुजले, पोट फुगलं, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आणि एका रविवारी सकाळी अंथरुणात बसून तिने मला विचारलं, ‘पोरीच्या शाळेच्या स्कर्टची शिलाई उलगडलीय, बॉबिन कुठे ठेवलीत तुम्ही?’

मुलीला शाळा सोडून तीन वर्षं झाली होती.

मी हसलो, मला वाटलं ती थट्टा करतेय. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तसाच, शब्दाला शब्द. आयुष्यात मी घाटात रुळांशेजारी दरड कोसळताना पाहिली आहे, पण इतका घाबरलो नव्हतो.

लोणावळ्यात पावसाळ्यातला रविवार म्हणजे आम्हा गाववाल्यांना घरात बसायचा वार. सगळी मुंबई आणि सगळं पुणं भुशीच्या धरणावर भिजायला आलेलं असतं. शेजाऱ्याने त्याची गाडी काढली, आम्ही दोघं मागे बसलो आणि चौकात अडकलो. पुढे गाड्या, मागे गाड्या, टपावर बसलेली पोरं, गाणी, मक्याची कणसं. शेजारच्या गाडीतल्या एका बाईने गंमत म्हणून आमच्या काचेवर पाणी उडवलं आणि आतला पिवळा चेहरा बघून तिचा हात तसाच राहिला. नंतर तीच उतरून पुढच्या गाड्यांना हात करत वाट काढून द्यायला लागली. बायको माझ्या खांद्यावर डोकं टेकून बॉबिन शोधत होती. मी तिला सांगत होतो, सापडेल, सापडेल. चौकातून बाहेर पडायला तास गेला असेल. तेवढ्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही, आणि आठवलं तरी इथे लिहिणार नाही.

पुण्याच्या हॉस्पिटलात रिपोर्ट येत गेले. काविळीचा एक विषाणू नाही, दुसरा नाही, तिसराही नाही. प्रत्येक ‘नाही’ला मी हुश्श म्हणायचो आणि डॉक्टरांच्या कपाळावरची आठी वाढायची. डॉक्टरबाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. दुसऱ्या दिवशी औषधांनी बायको जरा भानावर आली होती तेव्हा त्या खाटेशी आल्या आणि तिलाच विचारलं, ‘गेल्या वर्षभरात काही बाहेरचं औषध घेतलंत? चूर्ण, गोळ्या, एखादा काढा?’

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मुलगी खाली रक्तपेढीत गेली होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही, मला तो फार वाटला. मग ती म्हणाली, ‘नाही. काही नाही.’

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या. मी मान हलवली. नाही.

गळ्याच्या शिरेतून बारीक नळी घालून त्यांनी यकृताचा कणभर तुकडा काढला. त्याचं चित्र त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. गुलाबी पेशींच्या रांगा होत्या आणि त्यांच्या कडेकडेने जांभळ्या ठिपक्यांची गर्दी, कडा कुरतडत आत शिरलेली. मी विचारलं, हे जंतू का? त्या म्हणाल्या, ‘नाही हो. या तिच्याच पेशी. पांढऱ्या पेशी. बाहेरून आलेल्याला मारायचं त्यांचं काम. त्यांनी यकृतालाच परकं ठरवलंय.’

पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या धंद्याच्या माणसासारखं ऐकलं. या पेशी एकेकट्या लढत नाहीत. त्या बारीक बारीक प्रथिनं सोडतात, सायटोकाइन म्हणतात त्यांना, आणि ती प्रथिनं म्हणजे एकमेकींना दिलेले निरोप. इकडे या, इथे काम आहे. निरोप पोचला की आणखी पेशी येतात, त्या आणखी निरोप सोडतात. यकृतात कायमच्या राहणाऱ्या राखणदार पेशीही त्यांना सामील होतात. जखम झाली की त्या जखमेमुळेच नवा निरोप जातो.

मी विचारलं, ‘मग लाल कोण देतं?’

‘म्हणजे?’

मी सांगितलं. आमच्याकडे हिरवा दाखवायला वीज लागते. विजेने रिले नावाचा लोखंडी खटका वर उचलून धरलेला असतो. तार तुटो, वीज जावो, तो स्वतःच्या वजनानेच खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. बिघाड म्हणजे थांबा, हे आमचं पहिलं सूत्र. ‘थांबा’ म्हणायला आम्हाला काहीच लागत नाही.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ‘शरीरात तसं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘थांबवणाऱ्या पेशीही वेगळ्या असतात. त्याही निरोप देतात, पुरे, परत फिरा. त्या कमी पडल्या की थांबवणारं कोणी उरत नाही.’

‘थांबा’ म्हणायलाही जिथे कोणीतरी जिवंत आणि शुद्धीवर लागतं, अशा यंत्रणेवर मी एक मालगाडीसुद्धा सोडली नसती. आणि माझी बायको पंचेचाळीस वर्षं तिच्याच भरवशावर चालली होती, मीही, समोर बसलेल्या डॉक्टरही. कोणाला विचारायचं, कोणावर रागवायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

‘हे सुरू कशाने झालं?’ मी विचारलं.

‘बहुतेकदा कळत नाही. मुळात प्रवृत्ती असते. मग एखादा संसर्ग, एखादं औषध निमित्त होतं.’

औषध. मी खाली मान घालून बाहेर आलो.

उपचार ठरला. स्टेरॉइड, म्हणजे त्या पेशींचे निरोप दाबून टाकायचे, प्रतिकारशक्तीच खाली आणायची. आठवडाभरात उतार पडला तर ठीक, नाहीतर यकृत बदलायचा विचार. हे ऐकल्याबरोबर मुलगी म्हणाली, ‘माझं घ्या. माझा रक्तगट तोच आहे.’ वीस वर्षांची पोर, पोटातला अवयव द्यायचा, हे असं म्हणाली जणू कोणाला वही द्यायची आहे.

त्या क्षणी मला कळलं की माझ्या एका ‘नाही’वर आता दोघींचा जीव टांगला आहे. आमच्या खात्यात अपघात झाला की सगळे एका टेबलाशी बसून एकच कागद लिहितात, काय सापडलं, कोणी काय केलं. त्या कागदावर खोटं लिहिणारा माणूस मला कायम सगळ्यात नीच वाटत आला आहे. चुकणारा चालतो. लपवणारा पुढचा अपघात पेरून ठेवतो.

तरी मी दुपारपर्यंत बोललो नाही. तीन वेळा डॉक्टरांच्या दारापर्यंत गेलो आणि तीन वेळा चहाच्या टपरीवर जाऊन आलो. शेवटी त्या लिफ्टपाशी उभ्या होत्या तेव्हा मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. गुळवेल, किती, केव्हापासून, मार्चनंतर दुप्पट. सांगताना माझा आवाज बारा वर्षांच्या पोरासारखा फुटला.

त्या रागावल्या नाहीत, आणि मला ते जास्त लागलं. ‘काही लोकांत गुळवेलीनंतर असं झालेलं दिसलंय,’ त्या म्हणाल्या. ‘हिच्यात त्यानेच झालं, का आधीच होतं आणि त्याने भडकलं, का काढ्याचा संबंधच नाही, हे आज मी छातीठोक सांगू शकत नाही. आजचं औषध तेच राहील. पण तुम्ही सांगितलं नसतं तर घरी गेल्यावर काय केलं असतंत?’

उत्तर त्यांना ठाऊक होतं. अशक्तपणा आलाय म्हणून मी पहिल्याच सकाळी गॅस पेटवला असता.

‘पण मीही तोच पीत होतो,’ मी म्हणालो. ‘त्याच पातेल्यातला. मला काहीच नाही झालं.’

‘तुमच्या पेशींनी तुमचं यकृत ओळखलं,’ त्या म्हणाल्या आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. रोज सकाळी रक्त जायचं आणि संध्याकाळी आकडा यायचा. पहिले तीन दिवस आकडा हलला नाही. मुलीच्या तपासण्या सुरू झाल्या. तिच्या दंडाला पट्टी बांधलेली बघून मी जिन्यात जाऊन उभा राहायचो. चौथ्या दिवशी आकडा थोडा उतरला. मुलगी नाचली, मी नाही. पाचव्या दिवशी आणखी उतरला, सहाव्या दिवशी बायकोने विचारलं, ‘ब्लाऊज शिवायला टाकलेल्या बायकांना कळवलंत का, मी इथे आहे म्हणून?’ तेव्हा मी तिथेच खाटेच्या कडेला बसून रडलो. शेजारच्या खाटेवरच्या मावशी म्हणाल्या, ‘रडा हो भाऊ, हितं सगळेच रडत्यात.’

घरी आल्यावर आई भेटायला आली. डॉक्टरांचं सगळं मी तिला जमेल तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हंजी कुंपनच श्येत खातंय म्हन की.’ हेच सांगायला डॉक्टरांना अर्धा तास लागला होता. पण गोळ्यांचं कळल्यावर ती उसळली. ‘अंगातली शक्ती कमी करायची? मानूस आजारी आन् त्याची शक्ती काडून घ्यायची? ह्ये कुटलं आवशद?’ गुळवेलीचं मी तिला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की डॉक्टरांनी बाहेरचं सगळं बंद केलंय, आता पाठवू नकोस. तिने मान डोलावली, पण माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं असावं, आणि मला विचारायचा धीर तिलाही झाला नसावा.

आता भीती उलटी झाली. ज्याने वर्षानुवर्षं प्रतिकारशक्ती वाढवली तो मी, दारात शिंकणाऱ्या माणसाला आत येऊ देत नव्हतो. पाणी उकळून, फळं सोलून, गिऱ्हाइकाला बाहेरच्या बाकावर बसवून. गोळ्यांनी तिचा चेहरा गोल झाला, झोप उडाली. डोस हळूहळू कमी करायचा, पण एकदम सोडायचा नाही, आकडे कितीही छान दिसले तरी नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. मला एकदा सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

मुलीला मी काढ्याचं दिवाळीत सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने चहा केला आणि माझ्यापुढे आणून ठेवला, एवढंच.

बायकोशी मात्र तो विषय निघाला नव्हता. दोघंही टाळत होतो. परवा महिन्याची तपासणी करून स्कूटरवरून परत येत होतो. रिपोर्ट चांगला होता. बाजारातल्या गर्दीत गाडी हळू झाली तेव्हा मी मान न वळवता विचारलं, ‘त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू नाही का म्हणालीस? तुझा जीव जात होता.’

मागे तिने रिपोर्टची पिशवी मांडीवर सरळ केली.

‘म्हणूनच,’ ती म्हणाली. ‘पोरीला तुम्ही बंद केला म्हणून सांगितलं होतंत. मी गेल्यावर तिला ते कळलं असतं, तर तिने तुमचं तोंड पाहिलं नसतं. मला वाटलं, मी तर चाललेच आहे, निदान तुम्ही दोघं तरी एकमेकांना राहाल.’

मी स्कूटर तिथेच थांबवली, भर रस्त्यात. समोरचं काही दिसेना. मागे दोन रिक्षा आणि एक टेम्पो वाजायला लागले.

‘चला हो,’ ती म्हणाली, ‘लोक खोळंबलेत.’